येतानाचं गलबत

“ही होडी कोणाची?” होल्गरने विचारलं.

“कोणाची म्हणजे? होडी आहे.”

“हो, पण मालक कोण? सुकाणूवर कोण बसलंय?”

“कोणी नाही. देखावा आहे तो.”

“मग ती बुडणार,” तो म्हणाला आणि चित्र माझ्या हातात परत ठेवलं.

सातवी ब च्या वर्गात, पोरांच्या देखत, ड्रॉइंग मास्तरची अशी शोभा व्हावी! दोन डोंगर, मधे सूर्य, खाली पाणी, पाण्यात होडी आणि कडेला माड. हा देखावा मी चार वर्षं पोरांकडून गिरवून घेत होतो. इन्स्पेक्टरने त्याला शाबासकी दिली होती. आणि हा लांबलचक, लाल मानेचा, सदुसष्ट वर्षांचा म्हातारा दोन मिनिटांत माझी होडी बुडवून मोकळा झाला. मला राग आला होता, पण पाहुण्याला बोलणार काय?

ही गोष्ट १९६७ च्या मार्च महिन्यातली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि आमच्या कातळवणे बंदरात बऱ्यापैकी इंग्रजी बोलणारा एकटा होतो. बऱ्यापैकी म्हणजे गावाच्या मते. म्हणून होल्गर लुंडगॉर नावाचा हा डेन्मार्कचा चित्रकार मुंबईच्या बोटीतून पडावात, म्हणजे लहान होडीत, आणि पडावातून किनाऱ्यावर उतरला, तेव्हा सरपंचांनी मलाच त्याच्या गळ्यात बांधलं. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारच्या बोटीने तो परत जाणार होता. तेवढ्यात त्याला शिडाची गलबतं काढायची होती. त्याच्या देशातली सगळी संपली होती, आणि आमच्याकडे अजून आहेत असं त्याला कोणा खलाशाने सांगितलं होतं.

त्याची सगळी कारकीर्द ऐकायला मला तीन संध्याकाळी लागल्या. डेन्मार्कमधल्या एका लहान बेटावर जन्म. चौदाव्या वर्षी शिडाच्या जहाजावर. तेरा वर्षं समुद्र, मग एका वादळात गुडघा मोडला आणि हा कोपनहेगनच्या धक्क्यावर रंगांची पेटी घेऊन बसला. तिकडे रीत अशी की प्रत्येक कप्तान आपल्या जहाजाचं चित्र काढून घेतो आणि घरी लावतो. होल्गरने चाळीस वर्षं तेच काम केलं. सहाशेच्या वर जहाजं. आकाश कसंही चालतं, लाटा कशाही चालतात, पण एक दोरी चुकली तर कप्तान पैसे देत नाही.

“आणि बुडालेल्या जहाजांचं?” मी सहज विचारलं.

“त्यांचीही काढतो. त्यावर पूर्वी काम केलेले खलाशी शोधायचे. एकेक दोरी विचारून घ्यायची. मग चित्र बायकोकडे जातं.”

मी हे शाळेत सांगितलं, शाळेतून ते घरोघर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होल्गर उतरला होता त्या डाकबंगल्याच्या पायरीवर भागीरथीकाकी येऊन बसली.

भागीरथी कुबल ही रावजी तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे गलबताचा कप्तान. ‘सातेरीप्रसाद’ हे त्यांचं गलबत. मंगळूरहून कौलं भरून येताना १९४९ साली ते वादळात सापडलं. अकरा माणसं गेली. फळकुटसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही. काकीजवळ नवऱ्याचा फोटो नव्हता की गलबताचा. त्या काळी फोटो कोण काढणार? आणि आता तिचे डोळे चालले होते. काचबिंदू. डावा गेलाच होता, उजवा वर्षभर टिकेल असं मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

“मधला तेवढा दिसता,” ती म्हणाली. “बांगडीतसून बघल्यासारखा. हातातल्यो बांगड्यो गेल्यो, आता देवान ही एक डोळ्यात भरल्यान. ती फुटायच्या आधी माका आमचा गलबत एकदा बघूक होया. सायबाक विचार, मास्तरा, काढतलो काय?”

मी विचारलं. होल्गर पायरी उतरून तिच्या शेजारी बसला, गुडघा चोळत. मग म्हणाला, “त्या गलबतावर काम केलेला कोणी जिवंत आहे?”

होता. धाकू तारी. सत्तरीचा, तोंडात दात चार आणि शिव्या चारशे. सातेरीप्रसादवर तो नऊ वर्षं खलाशी होता. शेवटच्या खेपेला ताप आला म्हणून राहिला. त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही, बाकी सगळ्याबद्दल बोलायचा. होल्गरचं नाव त्याने पहिल्याच दिवशी ‘होळकर’ करून टाकलं आणि होल्गरनेही ते मुकाट्याने घेतलं.

मग चार दिवस डाकबंगल्याच्या व्हरांड्यात जे चाललं ते पाहायला निम्मं गाव जमायचं. होल्गर कोळशाने रेघ मारायचा आणि धाकू ती बोटाने पुसायचा.

“होळकरानू, ही डोलकाठी सरळ घातलास! अरे, ती पुढे झुकलेली असता. तुझ्या आजयेच्या काठीसारखी नाय!”

मी आजी वगळून भाषांतर करायचो. होल्गर रेघ वाकवायचा. नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक किती उंच, शिडाची आडवी काठी किती जोडांची, कुठल्या दोरीला कुठे गाठ, सुकाणूवर बसणाऱ्याची पाठ कुठे टेकते, सगळं झालं. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण गाठीच्या बाबतीत माझी गरज लागेनाशी झाली. धाकू सरळ सुतळी घेऊन गाठ मारून दाखवायचा. होल्गर ती सोडून पुन्हा मारायचा.

काकी रोज यायची आणि कोपऱ्यात बसायची. तिसऱ्या दिवशी होल्गर मला म्हणाला, “हिलाही विचार. हिला काय आठवतं?”

मी विचारलं. काकी सांगायला लागली, “माझ्या खळ्यातसून पयला शिडाचा टोक दिसायचा. हिरवो तुकडो. तो मी शिवलेलो. मगे मी भात चुलीर घालायचंय. अकरा माणसांचो भात, म्हणजे मोठो टोप...”

“काकी, गलबताचं सांग गे,” मी म्हणालो. “भाताचं काय करायचंय साहेबाला?”

होल्गरने विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, “शिडाच्या टोकाला हिरवा तुकडा होता म्हणते.” बाकीचं मी गाळलं. बायकी गोष्ट, चित्रात तिचा काय उपयोग, असं मला खरंच वाटलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

चित्र सोमवारी पुरं झालं. हातभर रुंदीच्या लाकडी फळीवर तेलरंगातलं. मी असं चित्र जन्मात पाहिलं नव्हतं. हिरव्या-करड्या पाण्यावर सातेरीप्रसाद आडवं, नाळेपासून सुकाणूपर्यंत पूर्ण दिसणारं, शीड वाऱ्याने तट्ट भरलेलं, आणि मागे आमचा किनारा एक बारीक रेघ होऊन राहिलेला. धाकूने ते पाहिलं आणि अर्धा तास भांडला. मागची दोरी ढिली आहे, पाण्याची पिंपं दोन नव्हती, एक होतं, नि नाळेवर रंगवलेला डोळा असा बटबटीत नव्हता. भांडता भांडता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. होल्गरने एक पिंप खोडलं, दोरी ताणली, डोळा बारीक केला.

संध्याकाळी काकीला बोलावलं. तिने मान इकडे तिकडे करत चित्र तुकड्यातुकड्याने पाहिलं. मग हात जोडले.

“बरा असा,” ती म्हणाली. “मोप सुंदर काढल्यानी. देव तेंचा भला करो.”

मी खूश होऊन सांगितलं, “ती म्हणते, फार सुंदर आहे.”

होल्गरचा चेहरा पडला. म्हणजे अगदी पडलाच. त्याने ब्रश खाली ठेवले आणि काकी उतरणीवरून दिसेनाशी होईपर्यंत तिच्या पाठीकडे पाहत राहिला.

“सुंदर म्हणाली?”

“हो. देव तुमचं भलं करो, असंही म्हणाली.”

“मास्तर, चाळीस वर्षं मी कप्तानांना चित्रं दाखवली. ज्याला आपलं जहाज ओळखू येतं तो भांडतो. ही दोरी चुकली, तो रंग असा नव्हता, तुला अक्कल नाही. जो सुंदर म्हणतो, त्याला जहाज ओळखू आलेलं नसतं. तो फक्त सभ्य माणूस असतो. धाकूने सुंदर म्हटलं का?”

धाकूने काय काय म्हटलं होतं ते मी पूर्ण सांगितलेलंच नव्हतं.

“तिला परत विचार,” होल्गर म्हणाला. “आणि या वेळी सगळं सांग. तू मधून मधून गाळतोस. ती दोन मिनिटं बोलते आणि तू एक वाक्य देतोस, हे मला कळतं.”

चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा चालतो तसा मी त्याच्याबरोबर काकीच्या घरी गेलो. तिचं घर चढावर होतं. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभं राहिलं की खाडीचं तोंड, त्यातला बगळ्याचा खडक आणि पलीकडे सगळा दर्या दिसायचा. काकी जात्यापाशी बसली होती.

“काकी, चित्रात काय चुकलंय?”

“चुकूचा काय? एवढो मोठो माणूस तो.”

“काकी, खरं सांग. तो रागावणार नाही. तू भांडलीस तर त्याला बरं वाटेल.”

तिला हसू आलं. मग तिने पदर सारखा केला आणि दर्याकडे तोंड करून बोलली.

“मास्तरा, ता आमचा गलबत असात. धाकू सांगता म्हणजे असातच. पण मी तसा कधी बघूकच नाय. आडवा. बाजूसून. बायका गलबतार चढत नाय, समिंदरात जायत नाय. माका ता दोनच तऱ्हांनी ठावक. एक, जाताना. पाठसून. ता माका रोज दिसता, डोळे मिटले तरी दिसता. अठरा वर्सां ताच बघतंय. आणि दुसरा, येताना. सामक्या समोरसून, फुगलेला शीड आणि टोकार माझो हिरवो तुकडो. ता मातर आता आठवणीत येणा नाय. कितीय जोर केलंय तरी येणा नाय. माका येताना बघूक होया.”

मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मग त्या दिवशी गाळलेला भातही सांगितला. शिडाचं टोक दिसलं की ती अकरा माणसांचा भात चढवायची आणि गलबत खडक ओलांडून नांगर टाकेपर्यंत भात शिजायचा, घड्याळ लावल्यासारखा. मी इंग्रजीत हे कसं सांगितलं देव जाणे, पण त्याला समजलं.

होल्गर खळ्याच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, “इंगेबॉर्गने माझं एकही चित्र घरात लावलं नाही.”

इंगेबॉर्ग त्याची बायको. चार वर्षांपूर्वी वारली होती.

“मी देईन ते चित्र ती कपाटामागे ठेवायची. म्हणायची, तुझ्या चित्रांत किनारा म्हणजे एक रेघ असते, आणि त्या रेघेवर मी उभी असते. मला वाटायचं, हिला चित्रातलं काही कळत नाही.” तो उठला. “सहाशे जहाजं काढली. एकही जमिनीवरून काढलं नाही.”

गुरुवारी दुपारी बोट होती. मधे दोन दिवस. होल्गरने आपलं सामान काकीच्या खळ्यात आणलं. फळी त्याने या वेळी लहान घेतली, तळहातापेक्षा जरा मोठी. मी म्हणालो, एवढीशी? तो म्हणाला, “बांगडीत मावायला हवी.” हेही मीच भाषांतर करून सांगितलं होतं आणि मीच विसरलो होतो.

दुपारी तीन-चारला वारा समुद्राकडून वाहू लागतो आणि त्या वाऱ्यावर गलबतं खाडीत शिरतात. मंगळवारी आणि बुधवारी त्या वेळी होल्गर नुसता बसून पाहायचा. सकाळी काढायचा. धाकू शेजारी असायचाच. एकदा त्याने खडकाकडे बोट दाखवून होल्गरला काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि मला खूण केली, हे काकीला नको सांगू. मी ते होल्गरपुरतं भाषांतर केलं. होल्गर हसला आणि चित्रातलं गलबत ओल्या रंगातच थोडं पुढे सरकवलं, खडकाच्या अगदी लगत.

गुरुवारी सकाळी दहाला चित्र तयार झालं. रंग ओलाच होता. बोटीला चार तास होते. होल्गरने आपलं सामान बांधून दारात ठेवलं, चित्र काकीच्या हातात दिलं आणि मागे सरून भिंतीला टेकून उभा राहिला. निकालाच्या दिवशी उभ्या पोरासारखा. सहाशे कप्तान पचवलेला माणूस!

काकीने चित्र डोळ्यांसमोर धरलं. डावीकडे नेलं, जरा वर केलं, जवळ आणलं. आणि एका जागी तिचा हात थांबला.

खाली समुद्राचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ती हात जोडणार, आता ‘सुंदर’ म्हणणार. मी मनातल्या मनात सातेरीदेवीला नारळ बोललो.

“ह्या काय?” काकी कडाडली. “खडक इलो तरी शीड उतरूक नाय? आपटतला ना! कितीदा सांगलंय, खडकाच्या आधी शीड उतरवा, शीड उतरवा. पण ऐकतीत तर काय? ह्येंची ही खोड जल्मात जावची नाय! आणि हो तुकडो! एवढो हिरवो खय होतो? तो जुन्या लुगड्याचो होतो, इटलेलो. आणि रे धाकू, तू खय तडमडलंस? शिडाचो दोर तुझ्याकडे असायचो ना? हात मोडले तुझे?”

“काय म्हणते?” होल्गरने कुजबुजत विचारलं.

“भांडते आहे,” मी म्हणालो. “नवऱ्याशी भांडते आहे.”

होल्गरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मला ठरवता आलं नाही.

धाकू पुढे आला आणि काकीसमोर उकिडवा बसला. इतका मऊ आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“भागीरथी, आयक. शीड खडकाच्या आधीच उतरवूचा असता, ता तांडेलाक काय ठावक नव्हता? आमी सगळे वरडायचो. पण तो दोर सोडूक दियाचो नाय. म्हणायचो, खडक पार होयसर शीड वर रवांदे. घराकडे निशाण दिसूक होया. ती खळ्यात उभी असता.”

काकीने चित्र खाली केलं नाही. तिच्या अंगठ्याला ओला हिरवा रंग लागला होता. तिने तो पाहिला, पदराला पुसला नाही.

“माका कधी सांगूक नाय,” ती म्हणाली.

“तांडेल तो. सांगतलो कसो?”

थोड्या वेळाने ती उठली. चित्र कोनाड्यात, बरोबर आपल्या नजरेच्या उंचीवर ठेवलं. आत जाऊन मोठा टोप काढला. अठरा वर्षं तो माळ्यावर पालथा होता, धाकूने तो उतरवून दिला. काकीने अकरा माणसांचे तांदूळ मोजून धुतले आणि चुलीवर चढवले.

“बसा सगळे,” ती म्हणाली. “जेवल्याशिवाय कोण जावचो नाय. शिजासर गलबत येतला खाडीत.”

ती वेडी झाली नव्हती, हे सांगायला हवं. तिला सगळं ठाऊक होतं. होल्गर मांडी घालता येईना म्हणून पाय लांब करून बसला आणि भात व सोलकढी खाल्ली. अकरा माणसांचा भात चौघांना संपणार कसा? वाडीतली माणसं बोलावली. होल्गर पडावात चढायला आला तेव्हा काकी किनाऱ्यापर्यंत आली होती. त्याने मोठं, पहिलं चित्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, “हे तू ठेव. यातल्या गलबताला मालक आहे.”

काकीचा उजवा डोळा पुढच्या दिवाळीनंतर गेला. तोवर ती रोज दुपारी चित्र हातात घ्यायची आणि कामाला लागलेल्या माणसासारखी नवऱ्यावर करवादायची. डोळा गेल्यावरही ते कोनाड्यातच होतं. ती गेली तेव्हा सासरहून आलेल्या तिच्या मुलीने ते तिच्या छातीवर ठेवलं.

मागच्या महिन्यात मला डेन्मार्कहून पत्र आलं. होल्गरच्या बेटावर लहानसं संग्रहालय आहे, तिथल्या बाईंना माझा पत्ता त्याच्या वहीत सापडला. त्या लिहितात, लुंडगॉर यांनी १९६७ पर्यंत काढलेलं प्रत्येक जहाज समुद्रातून पाहिलेलं आहे. त्यानंतर मरेपर्यंत, आठ वर्षं, प्रत्येक जहाज बंदरात येताना आणि एका घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. याचं काही कारण आपल्याला ठाऊक आहे काय? कारण ठाऊक आहे, बाई. तेच लिहायला बसलो होतो, ते इतकं लांबलं.

मोठं चित्र माझ्या ओटीवर लावलेलं आहे. धाकू होता तोवर दर रविवारी यायचा, चहा प्यायचा आणि मागच्या दोरीवरून माझ्याशी भांडायचा, जणू ती मीच काढली होती. तो गेल्याला पन्नास वर्षं झाली. आता घरी कोणीही आलं, सुना, नातवंडं, त्यांचे मित्र, की सगळे त्या चित्रासमोर थांबतात आणि म्हणतात, “आजोबा, काय सुंदर आहे हो!”

मी हो म्हणतो. परवा मात्र घरात कोणी नव्हतं, तेव्हा चष्मा लावून चित्राजवळ गेलो आणि मोठ्याने म्हणालो, “होळकरानू, मागची दोरी अजून ढिलीच असा.”